प्रत्येक जागेत सेन्सर हवाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या मध्यवर्ती भागात रस्त्याकडेच्या पार्किंगच्या साधारण सहाशे जागा आहेत आणि दिवसभर गाड्या जागा शोधत घिरट्या घालतात. प्रत्येक जागेत सेन्सर बसवायचा, रिकामी जागा ॲपवर दाखवायची आणि त्यातून वाहतूक हलकी करायची, असा प्रस्ताव प्रशासनापुढे आला आहे. कोणता सेन्सर घ्यावा आणि एवढं करून गर्दी खरंच कमी होते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. सेन्सर जरूर घ्या, पण रिकामी जागा दाखवण्यासाठी घेऊ नका. दर किती ठेवायचा, मुदत किती द्यायची, कुठली जागा कोणासाठी राखायची आणि तपासणीची माणसं कुठे पाठवायची, हे ठरवण्यासाठी घ्या. या कामाला सहाशे सेन्सर लागत नाहीत. नीट निवडलेल्या काही रस्त्यांवर बसवलेले शे-दीडशे पुरतात.

ॲपवर माझा भरवसा का नाही, ते आकड्यांतच बघा. पुरवठादार सांगतो, अचूकता ९५ टक्के. ऐकायला उत्तम. आता एका रस्त्यावर २० जागा आहेत आणि त्या सगळ्या भरल्या आहेत असं धरा. प्रत्येक सेन्सर २० पैकी एकदा चुकतो. म्हणजे निदान एक तरी जागा खोटीच ‘रिकामी’ दिसण्याची शक्यता १ वजा ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ६४ टक्के. रस्ता अर्धा रिकामा असताना ही चूक कोणाला जाणवतही नाही, कारण गाडी कुठेही लागते. रस्ता पूर्ण भरलेला असतो आणि माणूस ॲपवर विसंबून वळण घेतो, नेमकी तेव्हाच माहिती दगा देते. असं दोन-तीनदा झालं की तो ॲप उघडायचं सोडून देतो.

सेन्सर शंभर टक्के अचूक मानला, तरी प्रश्न सुटत नाही. त्याच २० जागांवर गाड्या सरासरी अर्धा तास थांबत असतील तर तासाला ४० गाड्या निघतात, म्हणजे दर दीड मिनिटाला एक जागा मोकळी होते. गर्दीच्या वेळी ती लगेच भरतेही. दहा मिनिटांच्या अंतरावरच्या चालकाला ‘एक जागा रिकामी’ हे सांगून काय उपयोग? तो पोचेपर्यंत ती गेलेली असते, आणि तोच निरोप आणखी पाच जणांना गेला असेल तर ते सगळे एकाच रस्त्यावर उतरतात. चालकाला काही सांगायचंच असेल तर शक्यतेच्या भाषेत सांगा: या वेळी या रस्त्यावर जागा मिळणं कठीण, दोन गल्ल्या पलीकडे सहज मिळेल. हे सांगायला मागच्या काही आठवड्यांची आकडेवारी पुरते.

बंदिस्त आणि बहुमजली पार्किंगची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक जागेवर छताला अल्ट्रासोनिक (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर, सोबत लाल-हिरवा दिवा आणि प्रत्येक मजल्याच्या तोंडाशी रिकाम्या जागांचा फलक, ही व्यवस्था चोख चालते. वीज हाताशी असते, पाऊस नाही, गाडी ठरलेल्या चौकटीतच उभी राहते आणि फलक वाचल्यापासून जागेवर पोचायला मिनिटही लागत नाही. फक्त फाटकावरच्या मोजणीवर चालणारी पार्किंग असेल तर लक्षात ठेवा, आत-बाहेरच्या मोजणीतली छोटी चूक दिवसागणिक साचत जाते. रोज रात्री उरलेल्या गाड्या मोजून आकडा सरळ करावा लागतो.

आता रस्त्याकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

जमिनीत बसवायचे सेन्सर बहुतेक चुंबकीय असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. वर गाडी आली की तिच्या लोखंडामुळे ते विस्कटतं आणि सेन्सर तो फरक टिपतो. तत्त्व साधं आहे, पण जवळून मोठा विद्युतप्रवाह वाहून नेणारी केबल किंवा ट्रामची तार जात असेल तर क्षेत्र गाडीशिवायही हलतं. शेजारच्या जागेत ट्रक लागला तरी हलतं. दुचाकीत लोखंड कमी, त्यामुळे ती बऱ्याचदा निसटते. म्हणून हल्ली चुंबकीय सेन्सरच्या जोडीला छोटा रडार असलेले सेन्सर मिळतात, ते घ्यावेत. कॅमेरा एका खांबावरून अनेक जागा बघतो आणि खोदकाम लागत नाही, मात्र झाडं, रात्रीचा उजेड आणि पुढच्या उंच गाडीआड लपलेली मागची गाडी या त्याच्या अडचणी. तुमचा रस्ता सरळ असेल आणि खांबांवर वीज असेल तर कॅमेरा स्वस्त पडतो. त्यापलीकडे या वादात फार वेळ घालवू नका. प्रकल्प फसतात ते सेन्सरचा प्रकार चुकला म्हणून क्वचितच. बसवल्यानंतर त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही म्हणून फसतात.

एक बारकावा मात्र प्रत्येकाने समजून घ्यावा. सेन्सरला ‘गाडी आली’ हा निरोप धाडायचा असतो तेव्हा त्याच्या डोक्यावर दीड टन धातू उभा असतो. रेडिओ संदेश त्यातून वाट काढत गेटवेपर्यंत, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत जातो. नाही पोचला तर सेन्सर पुन्हा पाठवतो, आणि प्रत्येक वेळी बॅटरी झिजते. ज्या जागेवर गाड्यांची ये-जा जास्त, तिथली बॅटरी आधी संपते. परिणाम असा की दोन-तीन वर्षांनी मुके होणारे सेन्सर हे तुमच्या सगळ्यात वर्दळीच्या जागांचे असतात. उरलेल्यांची सरासरी काढली तर रस्ता खऱ्यापेक्षा निवांत दिसतो, आणि तो आकडा घेऊन कोणी दर कमी करायला निघतं.

त्यातच बरेच डॅशबोर्ड, म्हणजे सगळ्या जागांची स्थिती दाखवणारे संगणकावरचे फलक, मुक्या सेन्सरची शेवटची स्थिती तशीच दाखवत राहतात. बॅटरी संपली तेव्हा जागा रिकामी होती, तर ती पुढे कायम रिकामीच. म्हणून स्थिती तीन हव्यात: भरलेली, रिकामी आणि माहीत नाही. सेन्सरने ठरावीक वेळाने ‘मी जिवंत आहे’ असा संदेश पाठवलाच पाहिजे, आणि तो चुकला की जागा आपोआप तिसऱ्या खात्यात गेली पाहिजे. निविदा वाचताना मी ही ओळ सर्वांत आधी शोधतो.

आता कच्ची नोंद कशी दिसते ते बघा. एका जागेची दिवसभरातली एवढीच नोंद समोर आहे असं समजा:

१०:४२ भरली
१०:४२ रिकामी
१०:४३ भरली
११:५८ रिकामी
११:५८ भरली
१३:१५ रिकामी

पहिल्या तीन ओळी सोप्या आहेत. चालकाने गाडी आत घातली, नीट बसली नाही म्हणून बाहेर काढली, पुन्हा घातली. ११:५८ ला मात्र काय झालं? एक गाडी निघाली आणि ताटकळत असलेली दुसरी लगेच आत आली, की शेजारून मोठी बस गेली आणि चुंबकीय क्षेत्र क्षणभर डगमगलं? सेन्सरला यातलं काहीच ठाऊक नाही. ‘एका मिनिटाहून लहान नोंदी जोडून टाका’ असा नियम लावला तर ही एकच गाडी, १०:४२ ते १३:१५, म्हणजे २ तास ३३ मिनिटं. ११:५८ च्या नोंदी न जोडता वाचलं तर दोन गाड्या, साधारण सव्वा-सव्वा तासाच्या. मुदत दोन तासांची असेल तर पहिल्या वाचनात नियमभंग होतो, दुसऱ्यात दोघंही नियमात बसतात. सरासरी थांब्याचा आकडा एका सफाईच्या नियमाने जवळजवळ दुप्पट होतो. हा नियम पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी दडलेला असतो. तो लेखी मागून घ्या, आणि कच्च्या नोंदी तुमच्याकडे साठवा, म्हणजे नियम बदलून आकडे पुन्हा काढता येतील.

याच कारणासाठी सेन्सरच्या वेळेवरून थेट दंड आकारण्याला माझा ठाम विरोध आहे. सेन्सर गाडी ओळखत नाही, फक्त काहीतरी उभं आहे एवढंच सांगतो. वरच्या उदाहरणात नुकत्याच आलेल्या माणसाला आधीच्या माणसाचा दंड बसला असता. सेन्सरने तपासनिसाला दिशा द्यावी, या रस्त्यावर मुदत उलटलेल्या जागा जास्त दिसतात म्हणून आधी इकडे ये असं सांगावं, आणि निर्णय नंबरप्लेट डोळ्यांनी बघून व्हावा. मेलबर्नने रस्त्यातले सेन्सर तपासणीच्या कामाला जोडले आणि त्यांची माहिती सर्वांसाठी खुलीही केली. माहिती उघड असली की नागरिकही आकडे पडताळून बघू शकतात, आणि दराबद्दलचं भांडण निदान एकाच आकड्यांवर होतं.

सेन्सरला न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या अनुभवात ती सगळ्यात महत्त्वाची: आखलेल्या चौकटीबाहेर उभी असलेली गाडी. माल उतरवणारा टेम्पो दुहेरी रांगेत उभा राहतो, एक मार्गिका बंद होते आणि मागे रांग लागते. डॅशबोर्डवर तोच रस्ता ‘८० टक्के भरलेला, स्थिती समाधानकारक’ असा हिरवा दिसतो. जागा आखली तिथेच सेन्सर बसतो, आणि कोंडी तर जागा आखलेली नाही तिथे होते.

म्हणून खरेदीच्या आधी पायी सर्वेक्षण करा. काही माणसं, कागदाचा तक्ता किंवा फोन, आणि ठरलेला फेरा. दर अर्ध्या तासाने त्याच क्रमाने प्रत्येक जागेपुढून जायचं आणि नंबरप्लेटचे शेवटचे आकडे लिहायचे. दोन साधे कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. सोबत दुहेरी रांगेतल्या गाड्या, मालाच्या गाड्या, पार्किंगचे परवानाधारक आणि फूटपाथवर चढलेल्या गाड्या वेगळ्या स्तंभात. सिॲटलसारखं शहर रस्त्यांवर गाड्या मोजून त्या आधारे भागवार दर ठरवत आलं आहे, तेव्हा हात-मोजणीला कमी लेखू नका. तिची मर्यादा एकच: फेरा अर्ध्या तासाचा असेल तर दहा मिनिटं थांबणारी गाडी तीनपैकी एकदाच नोंदीत सापडते. अल्पकाळ थांबणाऱ्यांची संख्या खूप कमी दिसते. हीच उणीव भरून काढायला काही निवडक रस्त्यांवर सेन्सर लावा. त्यांची तपासणीही त्याच माणसांकडून, गर्दीच्या तासात, जागेवर उभं राहून करून घ्या. दिवसभराची सरासरी अचूकता मोजू नका, कारण रात्री तीन वाजता रिकामी जागा रिकामी दाखवून कोणताही सेन्सर गुण मिळवतो.

हातात माहिती आली की एक साधा गुणाकार फार कामी येतो. ताशी येणाऱ्या गाड्या गुणिले सरासरी थांबा म्हणजे एका वेळी उभ्या असणाऱ्या गाड्या. ४० जागांच्या रस्त्यावर तासाला २४ गाड्या येतात आणि दीड तास थांबतात, तर ३६ जागा भरलेल्या, म्हणजे ९० टक्के. थांबा फक्त पंधरा मिनिटांनी घटला, सव्वा तासावर आला, तर ३० जागा भरलेल्या, म्हणजे ७५ टक्के. एकही नवी जागा न बांधता सहा जागा मोकळ्या झाल्या. दिवसभर गाडी लावून ठेवणारे कर्मचारी किंवा दुकानांचे मालक थोडे लांब गेले, तरी हा फरक पडतो. त्यामुळे सेन्सरच्या माहितीत मी सरासरीआधी लांब थांब्यांची यादी बघतो: चार तासांहून जास्त थांबणाऱ्या गाड्या कुठे, किती आणि कोणत्या वेळी येतात.

किती टक्के भरलेलं चांगलं, यावर पार्किंगचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांचा ८५ टक्क्यांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. विचार योग्य आहे: बहुतेक जागा वापरात असाव्यात, पण येणाऱ्याला एखादी मिळावी. मात्र तो सरसकट लावू नका. प्रत्येक जागा इतरांशी संबंध न ठेवता ८५ टक्के वेळ भरलेली असते असं ढोबळ धरलं, तर २० जागांचा रस्ता पूर्ण भरलेला असण्याची शक्यता ४ टक्के निघते, पण ८ जागांच्या छोट्या रस्त्याची २७ टक्के. छोट्या रस्त्यांना लक्ष्य खाली ठेवावं लागतं. ‘शहरातली ३० टक्के वाहतूक जागा शोधणाऱ्यांचीच असते’ हे वाक्य प्रस्तावात असेल तर तेही काढून टाका. शूप यांनी १९२७ ते २००१ दरम्यानच्या अभ्यासांची सरासरी काढली होती, आणि ते अभ्यास जिथे ही समस्या दिसत होती अशाच गजबजलेल्या भागांतले होते. तुमच्या शहराचा आकडा तुमच्या रस्त्यावर मोजूनच कळेल.

दर मागणीनुसार बदलण्याची कल्पना अर्थतज्ज्ञ विल्यम विक्रे यांनी १९५४ मध्येच मांडली होती. ती मोठ्या प्रमाणावर नीट तपासली गेली सॅन फ्रान्सिस्कोत. २०११ ते २०१३ दरम्यान एसएफपार्क या प्रयोगात सात भागांत रस्त्यात सेन्सर बसवले. प्रत्येक रस्त्याचा, दिवसाच्या तीन वेळांचा वेगळा दर होता आणि तो काही आठवड्यांनी बदलायचा. जागा ८० टक्क्यांहून जास्त भरलेल्या असतील तर ताशी पाव डॉलर वाढ, ६० ते ८० मध्ये बदल नाही, त्याखाली कपात. दर वाढणार म्हणून ओरड झाली होती, पण प्रयोगाअखेर रस्त्यावरच्या पार्किंग मीटरचा सरासरी दर ताशी ११ सेंटने उतरला, कारण रिकाम्या राहणाऱ्या रस्त्यांवर कपात जास्त झाली. जागा शोधण्याचा वेळ प्रयोगाच्या भागांत ४३ टक्क्यांनी घटला, तर तुलनेसाठी ठेवलेल्या भागांत १३ टक्क्यांनी. मला यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट पुढची वाटते. २०१३ च्या अखेरीस सेन्सर बंद केले, आणि त्यांच्या आधारे एक गणिती नमुना बसवून पुढे मीटरवर भरल्या जाणाऱ्या पैशांच्या नोंदींवरून दर ठरवले. २०१८ च्या सुरुवातीपासून हीच पद्धत शहरभरच्या मीटरना लागू झाली, रस्त्यात सेन्सर नसताना.

तुम्हीही याच वाटेने जावं असं मला वाटतं. पैसे भरल्याच्या नोंदी तुमच्याकडे आधीच असणार. त्या अपुऱ्या आहेत: न भरणारे, परवानाधारक आणि अपंगांसाठीची सवलत वापरणारे त्यात दिसत नाहीत, आणि दोन तासांचे पैसे भरून कोणी चाळीस मिनिटांत निघून जातं. पण ही तफावत रस्त्यागणिक बऱ्यापैकी स्थिर असते. वर्ष-दीड वर्ष निवडक सेन्सरनी ती मोजली की पुढे नोंदीच पुरतात. तपासणीसाठी ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत नंबरप्लेट वाचणारी गाडी फिरवतात, तीही मोजणीचं साधन होऊ शकते. तिथे खासगीपणा गांभीर्याने घ्या. नंबरप्लेटचा साधा हॅश (ठरलेल्या सूत्राने नंबरापासून काढलेला सांकेतिक आकडा) साठवला म्हणजे ओळख पुसली, असं पुरवठादार सांगतील. ते खरं नाही. शक्य असलेले सगळे नंबर मोजके असतात, संगणक प्रत्येकाचा हॅश काढून मूळ नंबर सहज शोधतो. गुप्त किल्ली वापरून हॅश करा, किल्ली रोज बदला आणि कच्चा नंबर त्याच दिवशी पुसा.

निविदेत मी पुढच्या गोष्टी आग्रहाने घालेन. कच्च्या नोंदींची मालकी शहराची, आणि करार संपल्यावरही त्या उघडता येतील अशा स्वरूपात. अचूकतेची अट गर्दीच्या तासांसाठी आणि रस्ता जवळजवळ भरलेला असतानाची. मुका सेन्सर किती दिवसांत बदलायचा याची मुदत आणि चुकल्यास देयकात कपात. बॅटरीचं आयुष्य पुरवठादाराच्या पत्रकावरून न घेता तुमच्या सर्वांत वर्दळीच्या जागेवरून धरायचं. आणि रस्ते विभागाचा पुढच्या तीन वर्षांचा डांबरीकरणाचा कार्यक्रम निविदेला जोडायचा, कारण रस्ता खरवडणारं यंत्र एका रात्रीत सगळे सेन्सर उचलून नेतं आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या खर्चाने बसवायचे यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

तुम्ही पाठवलेल्या यादीत सहाशे जागा सरसकट एकाच प्रकारच्या दिसतात. त्यातल्या माल चढ-उतारासाठीच्या जागा वेगळ्या आखलेल्या आहेत का, हे बघा. नसतील तर सर्वेक्षणात दुहेरी रांगेच्या गाड्या कुठल्या कोपऱ्यांवर आणि कोणत्या तासांत उभ्या राहतात हे आधी काढा, आणि त्या कोपऱ्यांवर सकाळच्या वेळेपुरत्या दोन-दोन जागा मालासाठी राखून महिनाभर निकाल बघा. याला एकही सेन्सर लागणार नाही, थोडा रंग आणि दोन पाट्या लागतील. त्यानंतर उरलेल्या कोंडीची मोजणी करून सेन्सरचे रस्ते निवडले, तर यादी तुमच्या आजच्या प्रस्तावापेक्षा खूप वेगळी निघेल.